छोट्या गाडीचं ॲव्हरेज पडलंय? प्लग बदलण्याआधी चाकांना हात लावून बघा

आधी लक्षणं. 'गाडी ॲव्हरेज देत नाही' ही तक्रार सगळ्यांची सारखीच असते, पण ती कधी सुरू झाली हे नीट आठवलं तर निम्मं काम तिथेच होतं.

ॲव्हरेज वर्षभरात हळूहळू घसरत आलं असेल, तर टायरची हवा, अलाइनमेंट, ब्रेक किंवा बदललेलं पेट्रोल यांपैकी काहीतरी असतं. कधी गाडीत काहीच नसतं, नोकरीचं ठिकाण बदललेलं असतं आणि ते हिशेबात कुणी धरत नाही.

एखाद्या कामानंतर लगेच पडलं असेल, म्हणजे टायर बदलले, गाडी गरम होत होती म्हणून रेडिएटरचं काम केलं, हँडब्रेक ताणून घेतला, तर दुसरीकडे शोधत बसू नका. त्याच कामाकडे परत जा.

पावसाळ्यात किंवा पावसाळा संपता संपता पडलं, तर ब्रेक.

हायवेला बरं देते आणि गावात पार झोपते, तर छोट्या फेऱ्या, एसी, नाहीतर थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान सांभाळणारा वॉल्व्ह).

ॲव्हरेजसोबत पिकअपही गेलं असेल तर ब्रेक, क्लच, प्लग या क्रमाने बघायचं. आणि पेट्रोलचा वास येत असेल किंवा मीटरमधला पिवळा इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर पुढचं सगळं सोडून थेट शेवटचा भाग वाचा.

मी साताऱ्यात गॅरेज चालवतो. येणाऱ्या गाड्या बहुतेक ८०० ते १२०० सीसीच्या पेट्रोल गाड्या, आणि बऱ्याचशा दुसरीकडे फिल्टर, प्लग, इंजेक्टर क्लीनिंग, 'ट्यूनिंग' करून आलेल्या. पैसे गेलेले, फरक शून्य. कारण ॲव्हरेज पडलं की माणसं बॉनेट उघडतात आणि दोष बहुतेक वेळा बॉनेटखाली नसतोच. खालचा क्रम फुकटातल्या कामापासून महागाकडे जातो. तो मोडू नका.

पहिलं: ॲव्हरेज खरंच पडलंय का?

तीनशे-पाचशेचं पेट्रोल टाकायचं आणि काट्यावरून अंदाज बांधायचा, याला मोजणं म्हणत नाहीत. काटा एक लिटर इकडेतिकडे सहज दाखवतो. तीन लिटर टाकून हिशेब केलात, तर तो एक लिटर म्हणजे एक तृतीयांश चूक झाली. पंचवीस लिटरवर हिशेब केलात तर तीच चूक चार टक्क्यांवर येते.

म्हणून टाकी फुल करा. नोझल आपोआप बंद पडलं की थांबा, वरून 'राउंड फिगर' करू देऊ नका. ट्रिप मीटर शून्यावर आणा. टाकी पाव उरेपर्यंत गाडी वापरा आणि त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशिनवर, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. चाललेले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा बसलेलं पेट्रोल. असं लागोपाठ दोन-तीन टाक्या करून सरासरी काढा. मीटरवर दिसणारा ॲव्हरेजचा आकडा तुलनेपुरता ठीक आहे, पण तो बहुतेक गाड्यांत खऱ्यापेक्षा थोडा जास्तच असतो. दुरुस्तीचा निर्णय त्यावर घेऊ नये.

सीएनजीवाल्यांसाठी एक गोष्ट. तुमची टाकी दाबावर भरते, त्यामुळे पंपावर दाब कमी असला किंवा दुपारच्या उन्हात भरलं तर गॅस कमी बसतो आणि पुढच्या वेळी हिशेब वाकडा येतो. एका टाकीवरून काहीच ठरवू नका, चार-पाच भरण्यांची बेरीज करा.

पंपावर माप कमी मिळतं अशी शंका असेल तर पाच लिटरचं शिक्का असलेलं माप मागा. ते प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो, म्हणजे अर्धा टक्का. अठराचं तेरा झालं असेल तर त्याचं उत्तर या मापात सापडणं कठीण.

दुसरं: अपेक्षा कुठून आली?

जाहिरातीत २४ लिहिलंय आणि गाडी १६ देते, ही बिघाडाची खूण नाही. तो आकडा रस्त्यावरचा नसतो. गाड्यांची चाचणी घेणाऱ्या, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर उभी करून ठरलेल्या चक्रात चालवतात. सुमारे वीस मिनिटं, साडेदहा किलोमीटरच्या आसपास अंतर, सरासरी वेग ताशी ३२, जास्तीत जास्त ९०, आणि एसी बंद. ना चढ, ना खड्डे, ना पोवई नाक्यावरची गर्दी. दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा चांगला. पण तुमच्या गाडीची तुलना तुमच्याच गाडीच्या जुन्या, नीट मोजलेल्या आकड्याशी करायची. तसा आकडा नसेल तर माझ्या अनुभवातला अंदाज घ्या: निरोगी छोटी पेट्रोल गाडी एसी लावून गावात १४ ते १७ देते, आणि ८० च्या आसपास शांतपणे हायवेला चालवली तर २० च्या पुढे जाते. गावात १४ मिळत असेल आणि तुम्ही रोज दोन-दोन किलोमीटरच्याच फेऱ्या मारत असाल, तर गाडीला हात लावू नका.

पेट्रोलही बदललंय. २०२२ च्या मध्यापर्यंत दहा टक्के इथेनॉलचं मिश्रण देशभर आलं होतं, आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. साधा हिशेब केला तर ई-२० मध्ये निव्वळ पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के आणि ई-१० पेक्षा तीन-चार टक्के ऊर्जा कमी. म्हणजे पूर्वी १८ देणारी गाडी १७ ते साडेसतरा देऊ लागली, तर ते इंधनाचं. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. पण १८ चं १३ झालं आणि कुणी 'इथेनॉलमुळे' म्हणून हात झटकले, तर ऐकू नका. इथेनॉलच्या डोक्यावर सगळं खापर फोडून जाम झालेले ब्रेक घेऊन फिरणाऱ्या गाड्या मी रोज बघतो.

तिसरं: टायर

हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी बघायची. टायर तापला की दाब तीन-चार पीएसआयने (हवा याच एककात मोजतात) वाढतो, आणि दुपारी पंपावर '३० आहे' दिसतं ते खरं २६ असतं. किती भरायची हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं आहे. चार माणसं आणि सामान असेल तर वेगळा आकडा असतो, तोही तिथेच मिळेल. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा आहे, तो भरायचा नाही. हवा मोजायचं साधं यंत्र चार-पाचशे रुपयांत येतं. ते गाडीत ठेवा, कारण पंक्चरवाल्याचा आणि पंपाचा गेज एकमेकांशी क्वचित जुळतात.

खरं सांगायचं तर कमी हवेने ॲव्हरेज अर्धं होत नाही. दहा पीएसआय कमी असली तर दोन-तीन टक्के जातात. पण तपासायला काही पडत नाही आणि टायर कडेने झिजायचा वाचतो, म्हणून क्रमात वर. नायट्रोजनने ॲव्हरेज वाढत नाही. योग्य दाबाची साधी हवा तेच काम करते.

टायर नुकतेच बदलले असतील तर मापही बघा. १४५/८० आर १३ च्या जागी दिसायला भरदार म्हणून १५५/८० आर १३ टाकले, की चाकाचा व्यास जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढतो. चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, पण मीटरला ते कळत नाही. तुम्ही १०३ किलोमीटर जाता आणि मीटर १०० मोजतं. म्हणजे इथे कागदावरचं ॲव्हरेज पडतं, प्रत्यक्षात तेवढं नाही. रुंद टायर थोडं पेट्रोल जास्त खातोच, पण घाबरून इंजिन उघडण्याइतकं नाही.

टायरच्या नक्षीवरून तळहात आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर अलाइनमेंट गेलंय. चाक रस्त्यावर सरळ न फिरता थोडं घासत चाललंय. काही शे रुपयांचं काम आहे, करून घ्या.

चौथं: ब्रेक धरून ठेवतोय का?

इथे थांबा आणि वेळ द्या, कारण माझ्याकडे येणाऱ्या 'सगळं बदललं तरी ॲव्हरेज नाही' गाड्यांचा सर्वांत मोठा गठ्ठा इथला आहे.

सपाट जागी गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक पूर्ण सोडा आणि मागून ढकला. छोट्या गाडीचं वजन सात-साडेआठशे किलो असतं. सपाट डांबरावर एका माणसाच्या बेताच्या जोराने ती हलली पाहिजे आणि हात काढल्यावर थोडी पुढे गेली पाहिजे. दात-ओठ खाऊन ढकलावी लागत असेल किंवा सोडल्यावर जागच्या जागी थांबत असेल, तर कुठलंतरी चाक अडतंय.

कुठलं, ते असं कळतं. रिकाम्या रस्त्यावर पाच-सात किलोमीटर जा, ब्रेक शक्य तेवढा कमी मारा, शेवटी गाडी आपोआप मंदावू द्या. उतरून चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. डिस्कला किंवा ड्रमला हात लावू नका, भाजेल. डाव्या-उजव्याची तुलना करा. पुढची दोन्ही मागच्यांपेक्षा थोडी गरम असणं स्वाभाविक. पण एक पुढचं कोमट आणि दुसरं हात न ठेववण्याइतकं गरम असेल, किंवा जळकट वास येत असेल, तर चोर सापडला.

असं होतं का? पुढच्या डिस्क ब्रेकमध्ये पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. या पिनांवरची रबरी टोपी फाटली की पावसाचं पाणी आणि चिखल आत जातो, ग्रीस सुकतं, पिन जाम होते. ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला चिकटून राहतो. कोकणातल्या आणि महाबळेश्वर-पाचगणीकडच्या गाड्यांत हे ठरलेलं. मागच्या ड्रममध्ये दुसराच प्रकार असतो. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी चार दिवस उभी ठेवली की लायनर ड्रमला धरतो, गंज चढतो, आणि पुढे सुटला तरी पूर्ण सुटत नाही. तिसरा प्रकार माणसाचा: हँडब्रेक वरपर्यंत येतो म्हणून कुणीतरी लिव्हरजवळची केबल ताणून दिलेली असते. आधी ड्रमचं ॲडजस्टमेंट करायचं आणि मगच केबलला हात लावायचा, पण घाईत उलटं होतं. ग्राहक खूश असतो, हँडब्रेक दोन खटक्यांत लागतो, आणि गाडी दिवसभर थोडा ब्रेक लावूनच पळते.

मागचं चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून बघता येतं. पुढच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, कारण हँडब्रेक सोडलेला असणार आहे. निव्वळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. चाक एक-दोन फेऱ्या मोकळं फिरलं पाहिजे, थोडी घासल्याची कुजबुज चालते. पुढच्या चाकात गिअरबॉक्सचा थोडा अडथळा असतोच, तिथे डाव्या-उजव्याची तुलना हाच उपाय.

पिना काढून साफ करणं, ब्रेकचं खास ग्रीस लावणं, टोप्या बदलणं हे सगळं मिळून प्लगच्या एका सेटच्या आसपासच्या खर्चात होतं. चाकाच्या बेअरिंगचं पिवळं ग्रीस तिथे लावू देऊ नका, त्याने रबर फुगतं आणि महिनाभरात पिन पुन्हा जाम. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर ते पण घ्या. ते हवेतली ओल शोषतं आणि पिस्टन आतून गंजतो.

इथे मर्यादा सांगतो. ढकलणं, हात लावून बघणं, जॅकवर चाक फिरवणं एवढं तुमचं काम. कॅलिपर खोलणं आणि ब्रेकची लाइन सोडणं मेकॅनिकचं. आत हवा राहिली तर पेडल खाली जातं, आणि ते कळतं नेमकं घाटात. पावसाळ्यात पुढे हे टाळायचं असेल तर गाडी उभी करताना सपाट जागा बघा, पहिला गिअर टाका, चाकाला दगड लावा आणि हँडब्रेक मोकळा ठेवा.

पाचवं: चालवण्यातल्या दोन सवयी

उपदेश करत नाही, दोनच गोष्टी.

घाट उतरताना न्यूट्रल. खंबाटकी असो की कुंभार्ली, पेट्रोल वाचतं म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे अजून भेटतात. कार्बोरेटरच्या काळात याला थोडाफार अर्थ होता. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की चाकंच इंजिन फिरवतात आणि इंजिनाला पेट्रोल मोजून देणारा गाडीतला कॉम्प्युटर ते पूर्ण बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलवाला जास्त पेट्रोल जाळतो, शिवाय सगळा भार ब्रेकवर टाकतो.

दुसरी गोष्ट वेग. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० चे १०० केले तर तो दीडपटीहून जास्त होतो, आणि छोट्या इंजिनाला त्यासाठी जीव काढावा लागतो. टपावर रिकामा कॅरिअर असेल तर तो उतरवा, लग्नसराई संपली की त्याचं काम संपतं.

सहावं: एअर फिल्टर, प्लग, ऑइल

या तिन्ही गोष्टी वेळेवर बदलाव्यातच, पण चमत्काराची अपेक्षा नको. एअर फिल्टर घाण झाला की ॲव्हरेज पडतं, हे कार्बोरेटरवाल्या गाडीचं ज्ञान आहे. इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी आली तर कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो. पिकअप मरतं, ॲव्हरेज फारसं हलत नाही. फिल्टर काढून उजेडात धरा, उसाच्या सीझनमधल्या धुळीने अगदीच बंद झाला असेल तर बदला.

प्लग काढलेच तर त्याचं टोक बघून घ्या. फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक. सगळ्या प्लगवर सुकी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, आणि नवे प्लग टाकून ते कमी होणार नाही, चार दिवसांत तेही काळे होतील. एकाच प्लगवर काजळी असेल तर त्या सिलिंडरचा कॉइल किंवा इंजेक्टर बघा.

ऑइल पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच. नव्या छोट्या इंजिनांना पातळ ऑइल लागतं, ५-डब्ल्यू-३० किंवा त्याहून पातळ. 'गाडी जुनी झाली, जाड टाकू' म्हणून २०-डब्ल्यू-५० ओतलं की इंजिन सकाळी त्या जाड ऑइलशी झगडण्यातच पेट्रोल घालवतं.

सातवं: इंजिन तापतंच नाही

हा दोष मला सर्वांत आवडतो, कारण तो कुणी शोधत नाही. गाडी गरम होते ही सगळ्यांची भीती. गाडी थंड राहते ही तक्रार घेऊन आजवर कुणी आलेलं नाही.

थर्मोस्टॅट हा एक छोटा वॉल्व्ह. इंजिन थंड असताना तो बंद राहतो, पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणजे इंजिन पटकन तापतं. साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान तो उघडतो. थंड इंजिनाला कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल देतो, कारण थंड भिंतींवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही. आता हा वॉल्व्ह उघडा अडकला किंवा कुणी काढूनच टाकला, तर इंजिन कायम साठ-सत्तर अंशांवर घुटमळतं आणि कॉम्प्युटर बिचारा त्याला थंड समजून पेट्रोल पाजत राहतो.

काढून टाकतात का? सर्रास. गाडी गरम झाली म्हणून रस्त्यावर थांबली, की जवळचा मेकॅनिक वॉल्व्ह काढून देतो. 'आपल्याकडे बर्फ पडतो का, याची गरजच नाही.' गाडी गरम व्हायची थांबते, माणूस घरी पोचतो, मेकॅनिकला दुवा देतो. पुढे वर्षभर गाडी दोन-तीन किलोमीटरने कमी देते आणि त्या दिवसाशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही. आणीबाणीत घरी पोचायला हे ठीक आहे. नंतर नवा वॉल्व्ह बसवला पाहिजे, आणि गाडी मुळात गरम का झाली तेही बघितलं पाहिजे.

बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, इंजिन थंड असल्याचा निळा आणि जास्त तापल्याचा लाल दिवा तेवढा असतो. निळा दिवा बराच वेळ जात नसेल किंवा हिवाळ्यात हायवेला पुन्हा लागत असेल, तर हाच संशय. घरच्या घरी बघायचं तर सकाळी थंड गाडी चालू करा आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या पाइपाला अधूनमधून हात लावा. काही मिनिटं तो थंड राहून मग एकदम गरम झाला पाहिजे. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर वॉल्व्ह उघडा आहे. काही इंजिनांत वॉल्व्ह खालच्या पाइपाच्या बाजूला असतो, तिथे ही तपासणी फसवते. मग हायवेला हीटर लावून बघा, वारा कोमटच आला तर इंजिन थंड आहे. पंख्यापासून बोटं लांब ठेवा, तो इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. गरम गाडीत रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही.

आठवं: स्कॅनर

पक्का पुरावा हवा असेल तर गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा, ब्लूटूथवर मोबाइलला जोडायचा ओबीडी स्कॅनर घ्या, साधा काही शे रुपयांत मिळतो. २०१३ नंतरच्या गाड्यांना स्टिअरिंगखाली त्याचं सॉकेट असतं. आधी कूलंटचं, म्हणजे रेडिएटरच्या पाण्याचं, तापमान बघा. सिग्नलला नव्वदीत आणि मोकळ्या रस्त्याला साठ-पासष्टवर उतरत असेल तर थर्मोस्टॅट. पी ०१२८ हा कोड आला तरी तेच.

मग लाँग टर्म फ्युएल ट्रिम. कॉम्प्युटर ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय, ते हा आकडा सांगतो. शून्याच्या आसपास, अधिक-उणे दहाच्या आत असेल तर इंजिनाचा पिच्छा सोडा. जुन्या गाडीत ई-२० भरल्यावर अधिक चार-पाच दिसणं अपेक्षितच आहे, इथेनॉल जाळायला तेवढ्याच हवेत जास्त इंधन लागतं. अधिक पंधरा-वीस असेल तर कुठूनतरी फुकटची हवा आत येतेय, ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सायलेन्सरचा जोड फुटलाय किंवा इंजिनाला पेट्रोल पोचवणारा गाडीतला पंप कमजोर आहे. उणे पंधरा-वीस असेल तर न मागितलेलं पेट्रोल आत येतंय: गळका इंजेक्टर किंवा टाकीची वाफ ओढणारा पर्ज वॉल्व्ह उघडा अडकलेला.

ऑक्सिजन सेन्सर लाख-दीड लाख किलोमीटरनंतर मंदावतो हे खरं, पण केवळ शंकेवरून बदलू नका. महाग भाग आहे, आणि सायलेन्सर फुटलेला असताना नवा सेन्सरही तेच चुकीचं सांगेल. स्वस्तातला नकली सेन्सर तर जुन्यापेक्षा वाईट.

पेट्रोलच्या पाइपाला लावायचे लोहचुंबक आणि टाकीत टाकायच्या गोळ्या यांवर वेळ घालवत नाही.

कधी थांबायचं आणि मेकॅनिककडे न्यायचं

गाडीत किंवा बॉनेटखाली पेट्रोलचा वास येत असेल तर तपासत बसू नका. गाडी चालू करू नका, टोचन करून न्या. इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर एखादा सिलिंडर जळत नाहीये, कच्चं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो भाजतोय. तसंच दामटलं तर पुढचं बिल आजच्या कित्येक पट येईल. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि त्याला पेट्रोलचा वास असेल, तर इंजेक्टर गळतोय, ऑइल पातळ झालंय, गाडी जागेवरच ठेवा. चाकातून धूर किंवा जळका वास आला तरी तेच.

चढाला चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, असं असेल तर क्लच प्लेट घसरतेय. गिअरबॉक्स उतरवावा लागतो, घरचं काम नाही. निळसर धूर आणि ऑइल कमी होणं ही पिस्टनच्या रिंगा झिजल्याची खूण. तिथे आधी कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) करून घ्या, आकडे लिहून मागा, आणि मग इंजिनाच्या कामाचं ठरवा.

खर्च करायचा की नाही, याचा एक हिशेब देतो. महिन्याला हजार किलोमीटर चालत असाल तर १२ चं ॲव्हरेज १४ वर आणल्याने जवळजवळ १२ लिटर वाचतात. १८ चं २० केल्याने साडेपाच. लिटर शंभरच्या वर आहे, म्हणजे १२ देणाऱ्या गाडीवर तीन-चार हजारांचं काम तीन-चार महिन्यांत वसूल होतं, आणि १८ देणारीवर तेवढेच पैसे घालायला मी तरी सांगणार नाही.

गॅरेजात जाताना 'ॲव्हरेज बघा' एवढंच सांगितलंत तर पुन्हा प्लग आणि फिल्टरच मिळतील. कागदावर लिहून न्या: टाकी टू टाकी किती आलं, कधीपासून पडलं, त्याआधी कुठलं काम झालं, कुठलं चाक तापतं, कूलंट किती अंशांवर राहतं, ट्रिम किती. एका वेळी एकच काम करून घ्या आणि काढलेला भाग परत मागा. कामात बॅटरी काढली असेल तर कॉम्प्युटर जुनं शिकलेलं विसरतो, पहिली टाकी सोडून द्या आणि दुसरीपासून मोजा.